हात धुतले का, साहेब?

फेब्रुवारी २०१४ मधली गोष्ट. माझे थोरले बंधू, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तालुक्याच्या एका गावी खासगी दवाखान्यात दाखल झाले होते. (गाव कुठले आणि दवाखाना कुठला, हे सांगून आता काही साधायचे नाही.) ऑपरेशन व्यवस्थित झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बदलायला माणूस आला तेव्हा मी आण्णांच्या उशाशी स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. खोलीत चार खाटा. शेजारच्या खाटेवर एक ऊसतोड मजूर होता. पायाला कोयता लागून जखम चिघळलेली. त्या माणसाने हातमोजे चढवले, मजुराच्या पायाची पट्टी सोडली, पू निपटला, औषध लावले, नवी पट्टी बांधली. मग ट्रॉली ढकलत आमच्याकडे आला आणि त्याच हातमोज्यांनी आण्णांच्या पोटावरची पट्टी सोडवू लागला.

मी ते पाहिले. वर्तमानपत्र खाली घेतले, तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. आपण काय बोलणार? त्याला राग आला तर? तो डॉक्टरांना जाऊन सांगेल, डॉक्टर म्हणतील, तुम्हीच करा मग पट्टी. आपला माणूस त्यांच्या ताब्यात आहे. असले सगळे विचार चार-पाच सेकंदांत मनात येऊन गेले, आणि तेवढ्या वेळात त्याचे काम उरकलेही.

सहाव्या दिवशी आण्णांना ताप भरला. टाके लाल झाले, दोन टाक्यांमधून पाणी झिरपू लागले, मग पू. हर्नियाच्या जागी आत जी जाळी बसवतात तिच्यापर्यंत जंतू पोचले होते. पुढचे चार महिने इंजेक्शने, गोळ्या, रोजची पट्टी. अखेर पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात दुसरे ऑपरेशन करून ती जाळी काढून टाकावी लागली. ऐन हंगामात उसाची तोड आली तेव्हा आण्णा खाटेवर होते. दोन गाई विकाव्या लागल्या.

जंतू त्याच हातमोज्यांतून आले, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. ऑपरेशनच्या वेळीही ते शिरलेले असू शकतात. आण्णांच्या स्वतःच्या कातडीवरचेही असू शकतात. त्यांना मधुमेह आहे, आणि साखर वाढलेल्या माणसाची जखम लवकर बिघडते. हे सगळे खरे. पण मी पाहिले होते आणि गप्प बसलो होतो, हेही तेवढेच खरे आहे.

पुढे एकदा लासुर्ण्याच्या घरी ओसरीवर बसलो असताना मी आण्णांना हे सांगून टाकले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आरं, गाईला दगडी झाली तर तिची धार आपण सगळ्यात शेवटी काढतो. आधी चांगल्या गाया, मग ती. तिच्या कासेचा हात दुसरीला लागू नये म्हणून. एवढं तर आपल्या पोरांनाबी ठावं हाय. त्या मान्साला म्हाईत नव्हतं व्हय?”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दगडी म्हणजे गाईच्या सडांना होणारी सूज, पशुवैद्यकाच्या भाषेत कासदाह. इंदापूर-बारामतीकडे संकरित गाई घरोघर आहेत आणि दगडीने कित्येकांचे दिवाळे काढले आहे. एका गाईचा जंतू दुसऱ्या गाईकडे जातो तो बहुतेक वेळा धार काढणाऱ्याच्या हातावर बसून. म्हणून धारेआधी हात धुवायचे, कास पोटॅशच्या पाण्याने पुसायची, धार झाली की सड आयोडिनमध्ये बुडवायचे. डेअरीचे डॉक्टर गावोगाव हे शिकवत फिरले आणि आमच्याकडच्या चौथी शिकलेल्या बायकांनी ते अंगी बाणवून घेतले. का? दूध बाद झाले तर दुसऱ्याच दिवशी पैसे बुडतात.

माझी एक भाची पुण्यात ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. वीस-बावीस वर्षांची तिची नोकरी. आण्णांचे ते वाक्य मी तिला सांगितले तेव्हा ती हसली. म्हणाली, “मामा, आण्णामामा बरोबर बोलले. आम्हालाही तेच शिकवतात. स्वच्छ जखम आधी, घाणेरडी शेवटी, आणि दोन पेशंटच्या मध्ये मोजे काढून हात धुवायचे. हातमोजा हा पेशंटसाठी असतो. लोक समजतात तो आपल्यासाठी आहे.”

तिच्याकडून मी ऑपरेशनपूर्वीच्या हात धुण्याचा सगळा विधी समजून घेतला. विधी हाच शब्द योग्य आहे, आमच्या वडिलांच्या संध्येइतके त्याला नियम आहेत. अंगठी, घड्याळ, बांगड्या, दोरा, सगळे आधी उतरवायचे. नखे कापलेली हवीत. पाणी कोपराने किंवा पायाने सुरू करायचे, बोटांनी नळाला शिवायचे नाही. जंतुनाशक साबण घेऊन आधी नखांच्या कडा, मग एकेक बोट चारही बाजूंनी, मग तळवा, पालथा हात, मनगट आणि वर कोपरापर्यंत. पूर्वी ब्रशने कातडी खरवडून काढत. आता ब्रश नखांपुरताच, कारण खरवडलेल्या कातडीत जंतूंना जास्तच थारा मिळतो. वेळ दोन ते पाच मिनिटे. आणि सगळा वेळ हात वर, कोपर खाली, म्हणजे पाणी बोटांकडून कोपराकडे वाहील आणि कोपराचे मळके पाणी बोटांवर येणार नाही. त्यानंतर निर्जंतुक टॉवेल, निर्जंतुक झगा, आणि मग मोजे. यात कुठेही कशाचा स्पर्श झाला की पुन्हा पहिल्यापासून.

“इतके करून मोजेच घालायचे, तर धुवायचे कशाला?” मी माझी शंका विचारली. तिने सांगितले, मोज्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात. ऑपरेशन चालू असताना सुईने, हाडाच्या टोकाने ते फाटतात आणि पुष्कळदा फाटल्याचे कळतही नाही. आत हात घामेजतो, ऊब मिळते, जंतू वाढतात. शिवाय धुण्याने हात निर्जंतुक होत नाही. वरवरचे पाहुणे जंतू जातात, कातडीच्या खोल वळचणीत राहणारे कायमचे रहिवासी कमी होतात एवढेच. म्हणून दोन्ही लागतात. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू, जखमा बिघडवण्यात अग्रेसर, दर तीन माणसांतल्या एकाच्या नाकात काही त्रास न देता राहत असतो. नाकाला लागलेले बोट जखमेला लागायला किती वेळ लागतो?

हे सगळे ज्ञान काही आजकालचे नाही. व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर काम करत होता. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणे करत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात १८४६ साली शंभरातल्या अकरांहून अधिक बायका बाळंतरोगाने गेल्या, दुसऱ्यात तीनांहून कमी. हे शहरभर ठाऊक होते. पहिल्या विभागात घालू नका म्हणून बायका हातापाया पडत. इकडे विद्वान मंडळी हवेला, गर्दीला, बायकांच्या भित्रेपणाला दोष देत होती. सेमेलवाइसचा एक मित्र, शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून, थेट बाळंतरोगासारख्याच लक्षणांनी मेला. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेते फाडत आणि त्याच हातांनी बाळंतिणी तपासत. सुईणी प्रेतांना शिवत नसत. त्याने दाराशी क्लोरिनच्या चुन्याचे पाणी ठेवले आणि प्रत्येकाला हात धुवायला लावले. एप्रिल १८४७ मध्ये त्या विभागातला मृत्यूचा आकडा शेकडा १८ होता. जूनमध्ये तो दोनच्या आसपास आला. पुढच्या वर्षी दोन महिने असे गेले की एकही बाई दगावली नाही.

असे आकडे समोर ठेवल्यावर बँकेत कुठल्याही रीजनल मॅनेजरने मान डोलावली असती. व्हिएन्नाच्या प्राध्यापकांनी डोलावली नाही. कारण त्या आकड्यांचा दुसरा अर्थ असा होता की एवढ्या बायका आपल्याच हातांनी मेल्या. प्रतिष्ठित माणसाचे हात घाण असू शकतात हे प्रतिष्ठित माणसाला कोणी सांगायचे? सेमेलवाइसचा स्वभावही तिरसट होता, विरोधकांना तो उघड पत्रे लिहून खुनी म्हणू लागला. शेवटी वेड्यांच्या इस्पितळात १३ ऑगस्ट १८६५ रोजी तो मेला. कशाने, तर जखम चिघळून विष अंगात भिनल्याने. नियती कादंबरीकारांपेक्षा निर्लज्ज असते, मी असे काही लिहिले असते तर संपादकांनी कापले असते. कारण त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, तिकडे ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टरने गाडीखाली पाय सापडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली होती. हाड कातडी फोडून बाहेर आले की त्या काळी बहुधा पाय तरी कापावा लागे, नाही तर माणूस जाई. तो मुलगा सहा आठवड्यांनी पायावर उभा राहिला.

हातमोज्यांची गोष्ट त्यामानाने गोड आहे. अमेरिकेत बाल्टिमोरला सर्जन हॅलस्टेड यांच्या थिएटरमधली परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन हिच्या हातांना जंतुनाशकाने पुरळ उठे. ती नोकरी सोडील या धास्तीने हॅलस्टेडनी १८८९-९० च्या सुमारास एका रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ मोजे करून घेतले. १८९० मध्ये दोघांचे लग्न झाले. मोजे जन्माला आले ते तिचे हात वाचवायला. रोग्याचा फायदा लोकांच्या नंतर ध्यानात आला.

आपल्या पुण्यातही १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात एक ऑपरेशन झाले, ते पुष्कळांना ऐकून माहीत असेल. येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींचे अपेंडिक्स कर्नल मॅडॉक यांनी काढले. मध्येच वीज गेली आणि काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. सगळे लोक त्या कंदिलाचीच गोष्ट सांगतात. मला आता वेगळीच गोष्ट जाणवते. त्या रात्री पेनिसिलिन नव्हते. त्याचा शोध १९२८ मध्ये लागला आणि रोग्यांना ते मिळायला १९४१ उजाडावे लागले. पोटात जंतू पसरले असते तर मागे हाताशी काही नव्हते. जो काही भरवसा होता तो उकळलेल्या हत्यारांचा आणि धुतलेल्या हातांचा. प्रतिजैविके आली आणि आपण जरा सैलावलो असे मला वाटते. काही झाले तर गोळ्या आहेतच. आणि आता त्या गोळ्यांनाही न जुमानणारे जंतू रुग्णालयांतूनच निपजू लागले आहेत.

तर मग एवढे माहीत असून हात धुतले का जात नाहीत? स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते या डॉक्टरने १९९४ पासून हाच प्रश्न धरून काम केले. जिथे धुवायला हवेत अशा प्रसंगी निम्म्याहून कमी वेळा हात धुतले जात होते. स्वित्झर्लंडमध्ये, बरे का. त्यात डॉक्टर मंडळी परिचारिकांपेक्षा मागे. आणि जिथे काम जास्त तिथे धुणे कमी. अतिदक्षता विभागातली परिचारिका प्रत्येक वेळी बेसिनपर्यंत चालत जाऊन साबणाने धुऊ लागली तर तिचा दिवस धुण्यातच जाईल, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने उपदेश कमी केला आणि खाटेखाटेला स्पिरिटच्या बाटल्या लावल्या. चोळायचे आणि वाळू द्यायचे, वीस-तीस सेकंद. १९९७ पर्यंत ४८ टक्क्यांवरून प्रमाण ६६ टक्क्यांवर गेले आणि १९९८ पर्यंत रुग्णालयात जडणारे संसर्ग १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने त्या द्रावणाची कृतीच छापून जगाला देऊन टाकली. दहा लिटर करायचे तर ९६ टक्क्यांचे इथेनॉल ८,३३३ मिलिलिटर, थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड, हात फुटू नयेत म्हणून १४५ मिलिलिटर ग्लिसरीन, बाकी उकळून गार केलेले पाणी. (हाताला रक्त-पू दिसत असेल तर मात्र साबण-पाणीच हवे.)

हे वाचताना मला आमचा नीरा डाव्या कालव्याचा पट्टा आठवला. इथेनॉल म्हणजे शेवटी मळीचेच स्पिरिट. भवानीनगरच्या कारखान्याकडे ट्रॅक्टर उसाने लादून जाताना बघतच आम्ही लहानाचे मोठे झालो, पण त्या उसाचा हात धुण्याशी संबंध असेल हे कोणाच्या मनात येणार? मार्च २०२० मध्ये करोना आला, सरकारने साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांना सॅनिटायझर करायची परवानगी दिली आणि तो संबंध सगळ्या गावाला कळला.

पाण्याचा मुद्दाही आहेच. नळ सोडून पाच मिनिटे हात धुवायचे म्हणजे दोन-तीन बादल्या पाणी, आणि एका ऑपरेशनला तीन-चार माणसे. टँकर येणाऱ्या गावात हे कसे जमावे? इथे मला माझा स्वतःचा एक हिशेब मांडला पाहिजे. बँकेत असताना मी डॉक्टरांच्या नर्सिंग होमची कित्येक कर्जप्रकरणे केली. प्रकल्प अहवालात ऑपरेशन टेबल असे, सावली न पडणारा दिवा असे, भूल देण्याचे यंत्र, ऑटोक्लेव्ह, जनरेटर, एवढेच काय स्वागतकक्षातला सोफा असे. प्रत्येकाचे कोटेशन मी तपासले. थिएटरबाहेर हात धुवायला नळ किती, ते कोपराने चालतात का, आणि मे महिन्यात त्यांना पाणी कुठून येणार, हे मी एकाही डॉक्टरला विचारले नाही. ते बांधकामाच्या खर्चात कुठेतरी दडलेले असे.

पण बँकेने मला एक गोष्ट शिकवली होती आणि तीच त्या खाटेजवळ मला वापरता आली नाही. तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघे आल्याशिवाय ती उघडत नाही. चाळीस वर्षे नोकरी केलेल्या, देवासारख्या कॅशियरचीही रोकड संध्याकाळी दुसरा माणूस मोजतो, आणि त्याला त्याचा अपमान वाटत नाही. नव्या पोरसवदा क्लार्कने मॅनेजरचे व्हाउचर “सही राहिली, साहेब” म्हणून परत पाठवले की मॅनेजर निमूट सही करतो. प्रामाणिकपणावर बँक चालत नाही. त्यावर चालवली असती तर कधीच बुडाली असती. रुग्णालयात मात्र हात धुण्याचे काम आपण एकेका माणसाच्या चांगुलपणावर सोडले आहे.

हे ज्यांना उमगले त्यांत एक आपल्याकडचेच नाव आहे. अतुल गवांदे, बोस्टनचे सर्जन. त्यांचे वडील आत्माराम हे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. तिथून शिकून ते अमेरिकेत गेले आणि तेही सर्जन झाले. अतुल गवांदे यांचे ‘बेटर’ हे २००७ चे पुस्तक हात धुण्यापासूनच सुरू होते. आपल्या एका रोग्याला रुग्णालयातलाच जंतू जडला, तो आपल्या हातून गेला असेल किंवा सहकाऱ्याच्या, पण आपल्यापैकीच कोणाच्या तरी हातून गेला, अशी कबुली ते त्यात देतात. व्हिएन्नाच्या प्राध्यापकांना जे जमले नाही ते. पुढे त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनसाठी १९ बाबींची एक तपासयादी केली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापले. ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर, जखमा बिघडणे ६.२ वरून ३.४ वर. त्या यादीत औषध नवे नाही, यंत्र नवे नाही. एक जण, बहुधा सिस्टर, मोठ्याने विचारते आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचे. सर्जननेही.

भाचीला मी विचारले, तुमच्याकडे सर्जनला कोणी असे अडवते का? ती म्हणाली, “मी अडवते, मामा. पहिली दहा वर्षं नाही अडवलं. एकदा एका मोठ्या सरांचा कोपर नळाला लागला, मी बघितलं, बोलले नाही. रात्रभर झोप नाही. त्या पेशंटला काही झालं नाही, पण तेव्हापासून बोलते. ‘सर, टच झाला.’ बस, एवढंच. काही सर परत धुतात. काही बघतात माझ्याकडे, आणि परत धुतात.”

गेल्या दशकात मी हे सगळे वाचले, विचारले, समजून घेतले. तरी उपयोगाची वेळ आली तेव्हा बोलले ते आण्णाच.

२०२३ मध्ये वहिनींच्या पित्ताशयातले खडे काढले. रुग्णालय दुसरे, बरेच नवे. खाटेच्या पायथ्याशी सॅनिटायझरची बाटली अडकवलेली. तिसऱ्या दिवशी पट्टी करायला एक तरुण मुलगा आला, चांगला हसतमुख. मोजे घालायला लागला तसे आण्णा उठून उभे राहिले.

“बाळा, आधी हात.”

मुलगा जरा चमकला. मग त्याने बाटली दाबली. बाटली रिकामी होती. दोन-तीनदा दाबून त्याने आमच्याकडे पाहिले, मग कोपऱ्यातल्या बेसिनकडे जाऊन साबण लावून हात धुतले, चांगले मनगटापर्यंत. आणि तिथे खिळ्याला लटकत असलेल्या टॉवेलकडे हात नेला. त्या टॉवेलला सकाळपासून सगळी खोली हात पुसत होती.

“नको नको,” आण्णा म्हणाले, “वाळू दे तसंच.”

पंखा हळू फिरत होता. दोन्ही हात पुढे धरून तो मुलगा पंख्याखाली उभा राहिला, आणि वहिनी, आण्णा आणि मी त्याचे हात वाळायची वाट पाहत थांबलो.